राजीनाम्यावर सही मागतायत, करू का? वाळूजच्या एका ऑपरेटर भावाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. हे भाऊ वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर आहेत, परमनंट, नोकरीला ९ वर्ष ७ महिने झाले. पगार सगळा धरून २०,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,०००, बाकी ७,००० घरभाडे आणि कन्व्हेयन्स. कंपनीत परमनंट कामगार १४० च्या आसपास, ठेकेदाराचे वेगळे. युनियन नाही. ऑर्डर कमी झाल्या म्हणून एचआरनं दहा-बारा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि राजीनामा द्या, ६०,००० चा चेक घ्या, नाहीतर काढून टाकू, मग ग्रॅच्युइटी पण अडकंल आणि दुसरीकडं कुठं कामाला लागणार नाही असं सांगितलं. यांच्यानंतर २०२१ ला लागलेली दोन पोरं मात्र त्याच मशीनवर चालू आहेत. भाऊ विचारतात, सही करू का नको, आणि कायद्यानं किती मिळतं.

मी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना या भागातल्या कामगारांच्या केसेस वर्षानुवर्ष बघत आलोय, लेबर कोर्टात पण आणि कामगार ऑफिसात पण, त्यामुळं सरळ सांगतो. सही करू नका. निदान हे उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय तर नकोच.

कारण सगळं इथंच अडकतं की नोकरी तोडली कुणी. कंपनीनं काम नाही म्हणून तुम्हाला कमी केलं तर त्याला कायद्यात रिट्रेंचमेंट म्हणतात, आपल्याकडं कामगार कपात म्हणतात, आणि तिथं नोटीस, नुकसानभरपाई, ज्येष्ठतेची यादी, परत भरती निघाली तर पहिला हक्क, हे सगळं लागू होतं. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर यातलं एकही लागू होत नाही, कारण कागदावर तुम्ही स्वखुशीनं गेलात. कंपनीला माणसं कमी करायची गरज पडू शकते, धंद्यात चढउतार असतात, ते मी नाकारत नाही, पण त्यासाठी कायद्यानं रस्ता ठरवून दिलाय आणि त्या रस्त्यानं गेलं की पैसे द्यावे लागतात म्हणून मग हा राजीनाम्याचा आडरस्ता काढला जातो.

तो कागद कसा असतो बघा, कारण मी असे गठ्ठ्यानं बघितलेत. टाईप केलेला एक छोटा मजकूर, "मी माझ्या घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, तो त्वरित मंजूर करावा." नाव आणि टोकन नंबर हातानं भरायला जागा, आणि तारीख बऱ्याचदा कोरी. त्याच्या मागं दुसरा कागद, रेव्हेन्यू स्टँप लावलेली पावती, "माझा सर्व हिशोब मिळाला, यापुढे कंपनीकडून माझे कसलेही येणे बाकी नाही." दहा जणांचे दहा राजीनामे आणि दहाही जणांना एकाच दिवशी तेच घरगुती कारण. कोर्टात ही गोष्ट दाखवता येते, नाही असं नाही, पण राजीनामा दबावाखाली घेतला हे सिद्ध करायची जबाबदारी मग कामगारावर येते, आणि केबिनमध्ये तुम्ही एकटे होते, समोर एचआर आणि प्लँट हेड, साक्षीदार कोण आणणार. म्हणून सही न करणं हे नंतर केस लढण्यापेक्षा कितीतरी सोपं पडतं.

आता पैशाचं बोलू, कारण ६०,००० चा आकडा ऐकून माणूस डगमगतो, घरी हप्ते असतात, पोरांची फी असते, गावाकडं खताचं-बियाण्याचं असतं.

आधी ग्रॅच्युइटी. ही कंपनीची मेहेरबानी नाही, पाच वर्ष सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी मिळते, काढलं तरी मिळते. ती रोखता येते फक्त काही ठराविक कारणांनी, म्हणजे कामगारानं कंपनीच्या मालाचं मुद्दाम किंवा निष्काळजीपणानं नुकसान केलं, मारामारी-दंगा केला किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा नोकरीच्या ओघात केला आणि त्या कारणावरून काढलं तर. ऑर्डर कमी झाल्या हे त्यातलं कारण नाही, त्यामुळं सही नाही केली तर ग्रॅच्युइटी अडकंल ही धमकी खोटी आहे. हिशोब असा की बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्ष. सहा महिन्याच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमचे ९ वर्ष ७ महिने म्हणजे १० वर्ष. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००, गुणिले १५ म्हणजे ७,५००, गुणिले १० म्हणजे ७५,०००. आता बघा, ते जे ६०,००० देतायत त्यात नुसती ग्रॅच्युइटी पण बसत नाही. तुम्हाला तुमच्याच पैशातले १५,००० कमी करून देतायत आणि वरून राजीनामा मागतायत.

मग कपातीची भरपाई. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चं कलम २५ एफ आमच्या धंद्यात तोंडपाठ असायचं. एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं (सहा महिन्याच्या वरचा तुकडा इथं पण पूर्ण वर्ष धरतात) १५ दिवसाचा सरासरी पगार, सरकारला पण कळवायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार श्रम संहिता लागू केल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये हीच तरतूद आता कलम ७० ला आहे, १५ दिवसाचा आकडा तोच. तुमचं प्रकरण आत्ताचं आहे म्हणून तुम्हाला नवीन कायदा बघावा लागंल. ज्यांना २१ नोव्हेंबरच्या आधी काढलं त्यांचा हिशोब जुन्या कायद्यानं.

पण इथं एक बारीक गोष्ट आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या कायद्यात पगाराच्या व्याख्येत भत्ते पण धरले जायचे, म्हणजे तुमच्यासारख्याचा सरासरी पगार २०,००० धरून १५ दिवसाचे १०,००० आणि १० वर्षाचे १ लाख झाले असते. (इथं २६ नं भागायचं नसतं, ते ग्रॅच्युइटीचं गणित, कपातीत महिन्याच्या पगाराचा निम्मा धरायचा असं सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे.) नव्या संहितेत वेजेसची, म्हणजे हिशोबाला धरायच्या पगाराची, व्याख्या बदलली, घरभाडे, कन्व्हेयन्स, ओव्हरटाईम हे बाहेर काढले, फक्त बाहेर काढलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त भरले तर जास्तीचा भाग परत आत घ्यायचा. तुमचे ७,००० भत्ते हे २०,००० च्या निम्म्याच्या आत आहेत म्हणून तुमचं वेजेस १३,००० च राहतं. निम्मे ६,५००, गुणिले १० म्हणजे ६५,०००. म्हणजे कायदा नवीन आला आणि तुमच्या भरपाईत ३५,००० चा खड्डा पडला. उलट जिथं मालक बेसिक मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे २०,००० पगारात बेसिक फक्त ७,००० आणि बाकी सगळे भत्ते, तिथं आता ग्रॅच्युइटीला १०,००० धरावे लागतील, त्या कामगारांना तिथं फायदा आहे. ज्याची सॅलरी स्लिप जशी तसा त्याचा हिशोब, म्हणून आधी स्लिप काढून समोर ठेवा.

नव्या कायद्यात एक जास्तीची गोष्ट आली, रिस्किलिंग फंड, म्हणजे नवीन काम शिकण्यासाठीचा निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं शेवटच्या पगाराचे १५ दिवसाचे पैसे त्या फंडात भरायचे आणि ते ४५ दिवसात कामगाराच्या खात्यात जमा व्हायला पाहिजेत. तुमच्या बाबतीत अजून ६,५००. भरपाईच्या वरचे, त्यातून वळते करायचे नाहीत.

तर गोळाबेरीज करा. ग्रॅच्युइटी ७५,०००, कपातीची भरपाई ६५,०००, नोटीसऐवजी पगार वेजेसच्या हिशोबानं धरला तरी १३,०००, रिस्किलिंगचे ६,५००. झाले १,५९,५००. शिवाय शिल्लक रजेचे पैसे, चालू वर्षाचा बोनस, काम केलेल्या दिवसांचा पगार हे वेगळं. आणि वेतन संहितेप्रमाणं राहिलेला पगार नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसात द्यायचाय, दोन-दोन महिने फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशोबासाठी, चकरा मारायला लावतात ते आता चालत नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवस, त्याच्यावर उशीर झाला तर व्याज. यातल्या कपातीच्या भरपाईवर ५ लाखापर्यंत इन्कम टॅक्स लागत नाही, तुमच्या रकमेत तो विषयच येत नाही.

१५ दिवसाच्या आकड्याबद्दल मनातलं बोलतो. हे कपातीचं प्रकरण १९४७ च्या कायद्यात १९५३ साली घातलं गेलं आणि तव्हापासून १५ दिवस ते १५ दिवसच आहे. नव्या संहितेत सरकारला दुसरा आकडा नोटिफाय करता येईल अशी सोय ठेवलीय, ती वापरून तो वाढवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पस्तिशी-चाळिशीतला माणूस, एकाच मशीनवर दहा वर्ष काढलेला, त्याला पाच महिन्याच्या बेसिकवर घरी पाठवायचं आणि म्हणायचं की नवीन काहीतरी शिक, हे बरोबर नाही.

दुसरा बदल यापेक्षा मोठा आहे आणि तो नेमका तुमच्यासारख्या कंपनीला लागू होतो. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायच्या आधी सरकारची परवानगी घ्यावी लागायची आणि नोटीस पण तीन महिन्याची. आता तो आकडा ३०० केलाय. १९७६ ला हे परवानगीचं प्रकरण आलं तव्हा पण आकडा ३०० च होता, कामगारांच्या मागणीवरून ८० च्या दशकात १०० वर आणला, आता पुन्हा होता तिथं. तुमच्या कंपनीत १४० जण, म्हणजे आधी परवानगी लागली असती, आता नाही. वाळूज, शेंद्रा, चितेगावला मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे जे व्हेंडर आहेत त्यातले बरेच या १०० ते ३०० च्या मधल्या आकड्यातले, त्यामुळं मराठवाड्याच्या कामगाराला हा बदल चांगलाच जाणवणार आहे. स्टँडिंग ऑर्डरचं, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांचं, पण तसंच, महाराष्ट्रात ५० कामगारांना लागू होत्या, संहितेत ३०० ला. मालक लोक म्हणतात परवानगी सरकार कधी देतच नव्हतं म्हणून आम्ही परमनंट माणसं घेत नव्हतो, सगळं ठेक्यावर चालवत होतो. त्यात काही तथ्य आहे. पण परवानगी गेली म्हणून नोटीस, भरपाई, ज्येष्ठता गेली नाही हे एचआरवाले सांगत नाहीत आणि कामगाराला वाटतं की आता नवीन कायद्यानं सगळंच मालकाच्या हातात गेलं.

ज्येष्ठतेचं बघा, कारण तुमचा मुद्दा तिथं सगळ्यात भक्कम आहे. नियम असा की त्या कॅटेगरीत जो शेवटी लागला तो आधी जाणार, आणि मालकाला याच्या उलटं करायचं असंल तर कारण लिहून नोंदवायला लागतं. जुन्या नियमांत तर कपातीच्या सात दिवस आधी ज्येष्ठता यादी बोर्डावर लावायला लागायची. २०२१ ला लागलेली दोन पोरं त्याच सीएनसीवर ठेवून २०१६ च्या माणसाला काढणं हे या नियमाच्या विरुद्ध आहे. त्या पोरांचा काही दोष नाही, त्यांच्याशी वाकडं घेऊ नका, पण त्यांच्या जॉईनिंगच्या तारखा आणि कुठल्या मशीनवर आहेत ते लिहून ठेवा. तुमच्या जागेवर दुसऱ्या दिवशीपासून ठेकेदाराचा माणूस उभा राहिला तर ते पण लिहून ठेवा, कारण काम नाही हे कारण मग टिकत नाही. आणि कपात झाल्यावर एक वर्षाच्या आत कंपनीनं त्याच कामाला भरती काढली तर तुम्हाला आधी विचारायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट जी मालकाचे सल्लागार पण विसरतात. भरपाई आणि नोटीस या कपातीच्या आधीच्या अटी आहेत, नंतर सावकाश द्यायच्या नाहीत. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी पैसे हातात पडले नाहीत तर कपातच बेकायदेशीर ठरते असं कोर्टं सांगत आलीत. पण कोर्ट प्रत्येक वेळी परत कामावर घ्या म्हणत नाही, विशेषतः थोड्या वर्षाच्या रोजंदारीवाल्याला अलीकडं एकरकमी भरपाई देऊन प्रकरण मिटवतात. तुमच्यासारख्या परमनंट आणि दहा वर्षाच्या माणसाची बाजू त्यापेक्षा बरी असते. मागचा पगार मिळंल का, तर सुप्रीम कोर्टानं २०१३ ला सांगितलंय की चुकीच्या पद्धतीनं काढलं असंल तर मागच्या पगारासकट परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, फक्त कामगारानं मधल्या काळात आपण कुठं कमवत नव्हतो किंवा कमी कमवत होतो हे अर्जातच सांगायला पाहिजे. म्हणून मधल्या काळात जे काही काम कराल, रिक्षा चालवा, दुकानावर बसा, त्याची खरी नोंद ठेवा, लपवू नका.

आता उद्या काय करायचं ते. परत केबिनमध्ये बोलावलं तर शांत राहायचं, आवाज चढवायचा नाही, टेबलावर हात आपटायचा नाही, कारण तेवढ्यावरून गैरवर्तनाची चार्जशीट निघते आणि मग कपातीचा विषय बाजूला पडून तुमच्यावर शिस्तभंग सुरू होतो. एवढंच म्हणायचं की साहेब, मला राजीनामा द्यायचा नाही, कंपनीला कमी करायचं असंल तर कायद्याप्रमाणं लेटर द्या. त्याच दिवशी घरी येऊन साध्या मराठीत एक पत्र लिहा. मजकूर मोठा नको. "दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता मला एचआर ऑफिसमध्ये बोलावून राजीनाम्यावर सही करण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही व देण्याची इच्छा नाही. माझ्या सहीचा कोणताही राजीनामा वापरला गेल्यास तो मला मान्य नाही. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहण्यास तयार आहे." कंपनीला स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेल असंल तर ईमेल पण, आणि एक प्रत कामगार उपायुक्त कार्यालयाला देऊन आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का आणि तारीख याला पुढं फार वजन येतं, कारण त्या वेळी, त्याच दिवशी तुम्ही नाही म्हटलं होतं हे त्यातून दिसतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जा. गेटवर अडवलं तर तिथूनच मेसेज टाका की मी आलोय, आत सोडत नाहीत, आणि परत एक पत्र. हे कामून सांगतो, तर घरी बसलात की कंपनी म्हणते हा माणूस न सांगता गैरहजर, काम सोडून गेला. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की गैरहजर राहिला म्हणून चौकशी न करता, त्याचं म्हणणं न ऐकता नाव पटावरून काढता येत नाही, तरी पण ती लढाई अंगावर घेण्यापेक्षा आठ दिवस गेटवर जाऊन आलेलं परवडतं.

आणि ज्यांनी दबावाखाली सही करून टाकलीय, तुमच्यातले तिघं-चौघं असतील, त्यांनी पण हात टेकू नयेत. राजीनामा मंजूर होऊन लागू व्हायच्या आधी मागं घेता येतो, म्हणून आजच्या आज लेखी मागं घ्या, दबाव कसा टाकला ते लिहा. चेक मिळाला असंल आणि पैशाची अगदीच नड असंल तर "हक्क राखून स्वीकारले" असं लिहून कळवा. महिन्यानं येऊन म्हणाल मला जबरदस्ती केली, तर कोर्ट पहिलं विचारतं, मग महिनाभर काय केलं.

तक्रार कुठं करायची यात आपल्याकडं दोन वाटा आहेत. एक, महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा, ज्याला आम्ही एमआरटीयू-पल्प म्हणतो, त्यात अनुचित कामगार प्रथेची तक्रार म्हणजे बोलीभाषेत यूएलपी टाकायची. हा राज्याचा कायदा, संहितेनं रद्द केलेल्या केंद्रीय कायद्यांच्या यादीत तो नाही. याला ९० दिवसाची मुदत आहे, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि यात अंतरिम स्टे मागता येतो, म्हणून काढायच्या तयारीत असताना हीच वाट जवळची. दुसरी वाट कामगार ऑफिसात कन्सिलिएशन, म्हणजे समेटाची बोलणी, आणि तिथं नाही जमलं तर ट्रिब्युनल, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरण. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्ष होती, आता दोन वर्ष झालीत, हे लक्षात ठेवा, उगं पुढच्या वर्षी बघू म्हणत बसू नका. दोन्ही वाटा एकदम नाही धरता येत, एक निवडा, आणि निवडायच्या आधी फक्त लेबर प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. गावाकडचा ओळखीचा दिवाणी वकील चांगला माणूस असंल, पण हे काम वेगळं आहे.

फीची चिंता करू नका असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार हा स्वतंत्र गट म्हणून मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं अर्ज द्यायचा. महिला आणि एससी-एसटीतल्या कामगारांना त्यांच्या त्यांच्या गटातून पण ही सोय मिळते.

या प्रश्नाच्या खाली कॉमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलंय, आम्ही ऑपरेटर नाही, आमच्या लेटरवर ज्युनिअर इंजिनिअर किंवा टीम लीडर लिहिलंय, आम्हाला मिळंल का. पदाच्या नावावर जाऊ नका, हातानं काय काम करता ते बघतात. दिवसभर मशीन चालवत असाल, सेटिंग करत असाल, रिपोर्ट भरत असाल तर पगार कितीही असो तुम्ही कामगारच. खरोखर देखरेखीचं काम असंल तर पगाराची मर्यादा लागते, ती १०,००० होती, आता १८,००० झाली.

ठेकेदाराच्या पोरांचं दुखणं वेगळं आहे आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली, वाळूजजवळच्या रांजणगाव, बजाजनगर, पंढरपूरला खोल्या करून राहणारी ही पोरं, सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा तीच लाईन, तेच मशीन. यांनी पण समजून घ्या की ठेकेदार हा पण मालकच आहे. एका ठेकेदाराकडं वर्षभरात २४० दिवस भरले तर त्याला तुम्हाला नोटीस आणि भरपाई न देता काढता येत नाही. त्या २४० मध्ये पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्ट्या पण धरतात, कामावर अपघात होऊन घरी असाल ते दिवस पण. ठेकेदार पगार बुडवून पळाला तर मूळ कंपनीवर पगाराची जबाबदारी येते. पण मी कंपनीचाच कामगार आहे, ठेका नुसता कागदावर आहे असं म्हणायचं असंल तर थेट यूएलपी टाकून चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २००१ लाच सांगितलंय की मालक-कामगार नातंच वादात असंल तर आधी ते ट्रिब्युनलमधून ठरवून आणा. तिथं पुरावा लागतो, म्हणून गेटपास, पंचिंगचे फोटो, कंपनीच्या सुपरवायझरनं ग्रुपवर टाकलेले शिफ्टचे मेसेज, पीएफ पासबुकात दर वर्षी बदललेली ठेकेदारांची नावं, हे सगळं मोबाईलमध्येच न ठेवता एक प्रिंट घरी ठेवा. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर, असाल तर मुदत संपली म्हणजे कपात होत नाही, भरपाई नाही, पण नव्या कायद्यात एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षाची वाट बघायची गरज नाही, ती मागून घ्या. ॲप्रेंटिस मात्र कायद्यानं कामगार धरला जात नाही.

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो, की समजा रक्कम वाढवून दिली तर घ्यावी का. घ्या, मी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढाच असा आग्रह करणार नाही, तिथं वर्ष जातात. पण १,५९,५०० हा तुमचा तळ समजा, त्याच्या खाली उतरू नका, तुमचं ज्येष्ठतेचं प्रकरण भक्कम असल्यानं वर काहीतरी मागायचा हक्क आहे. दहा-बारा जण एकत्र बसा, एकेकटे केबिनमध्ये जाऊ नका, कामगार अधिकाऱ्यासमोर लेखी तडजोड करा, कशाचे किती ते वेगवेगळं लिहून घ्या, ग्रॅच्युइटी एवढी, भरपाई एवढी, रजा एवढी, आणि सही करायच्या आधी पैसे खात्यात आलेले बघा. सर्व्हिस सर्टिफिकेट त्याच दिवशी हातात घ्या. नोकरी सुटायचं कारण कागदावर काय लिहितात तिकडं पण लक्ष द्या, कारण तुमचा पगार २१,००० च्या आत असल्यानं तुम्ही ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) आहात, आणि अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा मिळतात. सरकार ही योजना वेळोवेळी मुदत वाढवून चालू ठेवत आलंय. गैरवर्तनामुळं काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ते मिळत नाहीत.

पीएफला हात लावताना पण घाई करू नका. पेन्शनला १० वर्षाची सेवा लागते आणि तुम्ही अगदी काठावर आहात. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पासबुक उघडून पहिली वर्गणी कुठल्या महिन्यात पडली ते आधी बघा, बऱ्याच कंपन्या सुरुवातीचे काही महिने पीएफ भरतच नाहीत. पेन्शनचे पैसे एकदम काढले की ही सेवा पुसली जाते, त्यामुळं फॉर्म १० सी मध्ये पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या पेन्शन सेवेचा दाखला, मागा आणि पुढं जिथं लागाल तिथं तोच यूएएन द्या.